उभं राहायचा दिवस

"बसा ना आजी," म्हणत ट्राममधली एक पोरगी उठली आणि मी तिच्याकडे असं काही बघितलं, की ती बिचारी पुढच्या थांब्यावर उतरूनच गेली. तिला तिथे उतरायचं नसणार. बाहेर पाऊस तिरपा मारत होता आणि ती थांब्याच्या छपराखाली उभी राहून काचेतून माझ्याकडे बघत होती, आपलं काय चुकलं म्हणून. तिचं काही चुकलं नव्हतं. चांगल्या घरची असेल. पण ते "बसा" ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सकाळपासून पाणी मानेतून पाठीत उतरत होतं त्याचं काही वाटलं नव्हतं, आणि एवढ्याशा शब्दाने आतून हललं काहीतरी. रिकामी जागा माझ्या गुडघ्याशी होती. तिच्यावर पोरीच्या ओल्या कोटाचा ठसा. ट्राम वळली की ती जागा माझ्या पायाला लागायची, लाडात आलेल्या कुत्र्यासारखी. मी वरचा दांडा घट्ट धरला, पिशवी पोटाशी घेतली आणि बाहेर बघत राहिले. शेजारी आमची देसान्का बसली होती. गावची, कुंपणाला कुंपण लागून घर आहे तिचं. तिने थोडी वाट बघितली आणि ती रिकामी जागा आपल्या छत्रीला देऊन टाकली. बस गं स्तामेना, म्हणाली, इथे बेलग्रेडमध्ये गावातलं कोण बघायला आलंय? मी म्हटलं, बघणारा आलाय बरोबर. आणि पिशवी आणखी वर ओढली.

पिशवीत आमचा संत निकोला होता, तसबिरीतला. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो. तो कोणी निवडत नाही. जमीन, बापाचं नाक, बापाचा राग जसा लेकाकडे येतो तसाच तोही येतो. वर्षातला एक दिवस त्याचा, त्याला स्लावा म्हणायचं. त्या दिवशी घरात मोठी मेणबत्ती लागते, गोड गहू उकडतात, गोल पाव भाजतात आणि येईल त्याला जेवायला घालतात. आणि घरचा धनी त्या दिवशी बसत नाही. मेणबत्ती लागल्यापासून ती वाईनमध्ये विझवेपर्यंत उभा. लोक येतात, बसतात, खातात, पितात, भांडतात, आणि तो उभ्याने वाढतो. बसला की तो पाहुणा झाला. माझा नवरा रादोसाव जन्मभर उभा राहिला. एका वर्षी बैलगाडीवरून पडून घोटा मोडला होता, तेव्हा काखेत काठी खुपसून उभा होता, घाम नुसता दाढीतून टपकत होता, आणि येणाऱ्याला म्हणत होता, मासा घ्या, मासा घ्या, नाताळच्या आधीचा उपास आहे, मांस नाही मिळायचं. तो गेल्यावर मागच्या वर्षी मी उभी राहिले. बाई उभी राहणार म्हणून गाव बघायला आलं. बटाट्यासारखी रांग लावून बसले सगळे आणि माझ्या पायांकडे बघत होते, मासा कोणी बघितलाच नाही. पाद्री पण म्हणाला, बाई, तुम्ही बसलात तरी चालेल. मी तसबिरीकडे बोट दाखवून म्हटलं, त्याला चालतं का विचारा आधी. संध्याकाळी पाय इतके सुजले की सपाता पायातून निघेनात, त्या घालूनच झोपले. पण उभी राहिले. ते कोणी नाकारू शकत नाही.

आणि या वर्षी त्याच दिवशी मी बेलग्रेड बघायला निघाले. आमच्याकडे पेन्शनवाल्यांचा एक संघ आहे, ते स्वस्तात सहली काढतात. कधी मठ, कधी गरम पाण्याचे झरे. डिसेंबरात निकोलाच्या दिवशी सहल काढायची म्हणजे अक्कलच गहाण, कारण अर्ध्या गावाचा संत तोच, ते कशाला येतील? म्हणून बस अर्धी रिकामी आणि भाडं आणखी कमी. राजधानीत ट्राम-बस आता फुकट, जेवण आपापल्या डब्यात, म्हणजे भिजायचे पैसे काही पडत नव्हते. बस निघाली तेव्हा अंधार होता. बसमध्ये मी बसले, ते सांगते. दिवस उजाडला नव्हता आणि मेणबत्ती लागलेली नव्हती, तोवर माणूस बसला तर चालतं. सगळ्यांदेखत देसान्काने विचारलं, स्तामेना, आज तर तुझा दिवस, घरी मेणबत्ती कोण लावतंय? ड्रायव्हरने रेडिओ बारीक केला. मी म्हटलं, आमचा संत आता बेलग्रेडला असतो. सगळ्यांनी समजायचं ते समजून घेतलं, लेकाकडे चाललीय म्हातारी. मी लेकाकडे चाललेय का, ते मला अजून माहीत नव्हतं. पहाटे उठून मी तसबीर खिळ्यावरून काढली होती. सासूने विणलेल्या टॉवेलात गुंडाळली, मेणबत्ती घेतली, उकडलेल्या गव्हांची बरणी घेतली, सगळं पिशवीत भरलं. भिंतीवर तसबिरीच्या जागी एक फिका चौकोन राहिला, भोवती धुराने काळं. सासूने तसबीर टांगल्यापासून कोणी तो चौकोन बघितला नसेल. मी दिवा मालवला. मग परत लावला आणि परत बघितला. कोणीतरी गेल्यावर अंथरूण दिसतं तसं दिसत होतं ते.

सकाळी किल्ल्यावर आम्हाला घेऊन गेली ती सहलीची पोरगी काडीसारखी होती, पारदर्शक छत्री घेऊन उलटी चालत बोलायची. मला सारखं वाटत होतं आता पडेल. समोर सगळं राखाडी. छत्रीने धुक्याकडे दाखवून ती म्हणाली, इथे सावा नदी डॅन्यूबला मिळते. मागून कोणीतरी म्हणालं, मिळाली का नाही ते सांगा, आम्हाला तर काही दिसलं नाही. हसले सगळे. मी नाही हसले. मी त्या भिंतीशी उभी होते, दगड इतका गार की हाताची बोटं माझी वाटत नव्हती, आणि मला वाटत होतं, खाली कुठेतरी एक नदी आपलं नाव सोडून देतेय आणि वरून सहल बघतेय. बेलग्रेडला मी आधी आले होते, नाही असं नाही. पण बेलग्रेड म्हणजे माझ्यासाठी रादोसावला ठेवलेल्या हॉस्पिटलचा एक लांब हिरवा व्हरांडा होता, त्याच्या टोकाला कॉफीचं यंत्र आणि यंत्राशेजारी माझा लेक वुकाशिन, बापासारखे खांदे पाडून उभा. तिथेही खुर्च्या होत्या. कोणी बसत नव्हतं. राजधानी मी कधी बघितलीच नव्हती, आणि आता बघत होते तर पावसाने तिच्यावर चादर घातली होती. रस्त्यावर भाजलेल्या चेस्टनटचा वास येत होता, ओल्या लोकरीचा, कोळशाच्या धुराचा. दुकानांच्या काचांतून दिवे होते. एका काचेत मी मला बघितलं: डोक्याला काळा रुमाल, पोटाशी पिशवी, निर्वासितासारखी. मान वर केली आणि पुढे चालले.

किल्ल्याच्या उतारावर वेलींनी झाकलेलं एक छोटं चर्च आहे. आत शिरल्यावर मला दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं, कारण तिथे सगळेच उभे होते. वर झुंबर आहे ते काडतुसांचं केलेलं, मोठ्या लढाईतल्या सैनिकांनी. त्याच्याकडे मान वर करून आमची सहल तोंड उघडून बघत होती. मी बघत होते खाली. भिंतीशी टेबल होतं आणि टेबलाशी रांग, ज्यांचा आज दिवस होता त्यांची. प्रत्येकाच्या हातात पाव, गव्हांचं ताट, बाटली. पाद्री विचारायचा, कोणाचं घर? ते नाव सांगायचे. मग पाव उलटा करून त्याच्यावर क्रूसाचा छेद द्यायचा, छेदात वाईन ओतायची, धन्याने आणि पाद्रीने मिळून पाव गोल फिरवायचा आणि मोडायचा. एक बाई माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, तुमचे गहू बाहेर काढा की, नंबर येईल. माझा हात पिशवीत गेला होता. बरणीचं झाकण बोटांना लागलं, थंड, खडबडीत. मला फक्त वर काढायची होती. पण पाद्री विचारणार होता, कोणाचं घर? आणि मी काय सांगणार होते? ज्या घरात भिंतीवर चौकोन आहे ते? की ज्या घरात मी आजवर दोनदा गेले आणि दोन्ही वेळा कोट न काढता बसले ते? बाई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, झाकण घट्ट बसलंय. आणि पावसात बाहेर आले.

त्या दुसऱ्या घरात माझी सून आहे, इल्दिको. ती उत्तरेकडची, मैदानातली, हंगेरियन. त्यांच्यात घराचा संत नसतो. माणसाच्या नावाचा दिवस असतो, केक कापतात, झालं. उंच आहे, आमच्या दारातून येताना वाकायला लागायचं तिला, आणि वाकली की माफी मागितल्यासारखी वाटायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने आमच्या स्लावाला एक पराक्रम केला. आम्हाला न विचारता आमच्या सगळ्या नातलगांना, शेजाऱ्यांना, रादोसावच्या चुलतभावांना, गिरणीवाल्याला सुद्धा फोन केले आणि आपल्या मोडक्या बोलीत म्हणाली, आमच्याकडे स्लावा आहे, नक्की या. चांगल्या मनाने केलं, मला मान्य आहे. पण स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो. बोलावलं म्हणजे ज्याला बोलावलं नाही त्याला हाकललं. चुलता तिओसाव फाटकात उभा राहून म्हणाला, म्हणजे इतकी वर्षं आम्ही न बोलावता येत होतो काय? आणि परत फिरला. अर्धे लोक आलेच नाहीत. रादोसाव रिकाम्या बाकांसमोर उभा, मासे थंड होतायत. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तिला एकदाच सांगितलं, पण नीट सांगितलं. आमच्यात बोलवत नाहीत. पाटी पुसल्यासारखं डोक्यातून पुसून टाक. परत कोणाला बोलावलंस तर सगळ्यात आधी मी येणार नाही. ती हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. म्हणाली, मला माहीत नव्हतं, आई. मी म्हटलं, आता झालं.

हे मला चर्चच्या पायऱ्यांवर आठवत नव्हतं. पायऱ्यांवर मला आठवत होता हात. रादोसावचा शेवटचा स्लावा. तोवर तो पलंगावरून उठून न्हाणीपर्यंत जात नव्हता, आणि त्या सकाळी म्हणाला, मला उभा करा. कोट घातला, टाय घातला, कोटात तो कुठे आहे ते शोधायला लागत होतं. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. डाव्या बाजूला इल्दिको होती, ताट घेऊन चालली होती. त्याने हात उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. माझा खांदाही तिथेच होता. मी बुटकी आहे, त्याला वाकायला लागलं असतं, पोटात दुखलं असतं. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि अजूनही कळतं. पण कळून काय होतं? ती ताट खाली ठेवून उभी राहिली. सगळा दिवस. लोक आले, बसले, तोंडात घास घेऊन बघत राहिले, आणि ती त्या हाताखाली उभी, एका पायावरून दुसऱ्या पायावर, बांधलेल्या घोडीसारखी. पाणी सुद्धा उभ्याने प्यायली. मेणबत्ती विझवली तेव्हा तिच्या ब्लाउजवर खांद्याला त्याच्या हाताच्या घामाचा ठसा होता. मी ताटं धुतली. इतकी वर्षं संसार करून मी त्या दिवशी ताटं धुतली. मला राग कोणाचा आला होता ते मी स्वतःला विचारलं नाही, आणि रादोसावही पुढे फार दिवस राहिला नाही सांगायला.

मागच्या महिन्यात वुकाशिनचा फोन आला. तो मोठा ट्रक चालवतो, जर्मनीपर्यंत. म्हणाला, आई, या वर्षी स्लावा आमच्याकडे करू. तू थकलीस. तसबीर घेऊन ये. मी म्हटलं, संत म्हणजे सोफा आहे काय, या घरातून त्या घरात न्यायला? तो म्हणाला, बाबांनी माझ्याकडेच द्यायचा होता ना शेवटी. मी म्हटलं, बरं, तू उभा राहशील? तो म्हणाला, मी त्या आठवड्यात रस्त्यावर असेन, सीमेवर रांगा आहेत, पोचलो तर पोचलो. इल्दिको राहील उभी. मी म्हटलं, जिच्या घरी कधी संत नव्हता ती? आणि फोन ठेवला. त्यानंतर कोणाचा फोन नाही. मी टेबलावर फोन ठेवून शेंगा सोलायची, फोन ठेवून शिवायची, रात्री उशाशी ठेवायची, बॅटरी भरलेली आहे ना बघायची. वाजला तर विजेच्या बिलाचा. ज्या आठवड्यात गव्हाचे खडे निवडले त्या आठवड्यात तर मी स्वतःच दोनदा देसान्काला सांगून फोन करायला लावला, वाजतोय का बघायला. वाजत होता.

ट्राम एका वळणावर थांबून राहिली. पुढे कुठेतरी पाणी तुंबलं होतं. काचा आतून धुकाळल्या, माणसांच्या श्वासाचा, ओल्या बुटांचा वास कोंडला. देसान्काने डबा उघडला आणि भोपळ्याची पोळी खायला लागली, उपासाची, गरम केल्याशिवायच. मला पुढे केली. मी नको म्हटलं, माझे पाय ठणकत होते, पोटऱ्यांतून वर कोणीतरी दोर ओढत होतं. पुढे सहलीची पोरगी सांगत होती की आता पांढरं मोठं चर्च, तिथून संध्याकाळी बस. म्हणजे मी संध्याकाळी परत जाणार होते. पिशवीत निकोला, निकोलावर टॉवेल, मेणबत्ती कोरी. आजेसासऱ्यांच्या पिढीपासून असं झालं नव्हतं की त्याच्या दिवशी त्याच्यासमोर ज्योत नाही. लढाईत घर जळलं तेव्हा सासूने म्हणे त्याला विहिरीच्या काठावर ठेवून मेणाचा तुकडा लावला होता आणि शेजारी उभी राहिली होती. आणि मी त्याला ट्राममधून फिरवत होते. प्रवाशांचा संत आहे म्हणतात. मग फिर म्हणावं.

देसान्का पोळी चावत म्हणाली, लेकाकडे जात का नाहीस गं? एवढी लांब आलीस. मी म्हटलं, लेक रस्त्यावर आहे. ती म्हणाली, मग सून आहे. मी काचेवर बोटाने एक गोल पुसला, बाहेर काही दिसेना, परत पुसला. मग तोंडातून गेलं ते गेलं.

"बोलावलं नाही तिने."

देसान्काचं चावणं थांबलं. तिच्या हनुवटीवर भोपळ्याचा कण होता. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी नागडी उभी आहे.

"स्तामेना," ती हळू म्हणाली, "स्लावाला कधीपासून बोलावतात?"

ट्राम सुरू झाली, झटका बसला, सगळे एकदम मागे गेले आणि पुढे आले. मी दांड्याला लोंबकळले. मला स्वयंपाकघर दिसलं, ओलं फडकं दिसलं, त्यातून जमिनीवर पडणारं पाणी दिसलं. पाटी पुसल्यासारखं पुसून टाक. तिने पुसलं होतं. फोन वाजला नव्हता कारण ज्या एका गोष्टीत मी तिला चूक ठरवली होती ती तिने परत केली नव्हती. इतके दिवस मी उशाशी माझीच आज्ञा घेऊन झोपत होते. हे कळलं आणि मला बरं वाटलं असं नाही. मी थांब्यावर उतरले. मागून सहलीची पोरगी ओरडत होती, आजी, बस कोणासाठी थांबणार नाही हं. मी म्हटलं, थांबवू नका. देसान्काने छत्री बाहेर फेकली, बंदच. मी ती उघडलीच नाही, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात छत्री, काय करणार?

वुकाशिन राहतो नदीपलीकडे, तिथे सगळ्या इमारती एकाच साच्यातून काढलेल्या आहेत. पुलावरून बस गेली तेव्हा खाली सावा दिसली, आता धुकं जरा वर उचललं होतं, पाणी मातकट, जड. बसमध्येही मी उभीच होते. उतरल्यावर चुकले. एका पोस्टमनला विचारलं, एका कुत्रेवालीला विचारलं, शेवटी केस कापायचं दुकान ओळखू आलं, त्याच्या बाजूचा दरवाजा. बुटात पाणी शिरून चालताना आवाज येत होता. दाराशी घंट्यांची पाटी होती, तिच्यावर प्लास्टिकच्या पट्टीखाली नाव: स्तानोयलोविच. माझं नाव. रादोसावचं नाव, वुकाशिनचं, त्या उंच बाईचं. बटण दाबायचं म्हणजे विचारायचं, येऊ का? स्लावाच्या घराची घंटा मी जन्मात वाजवली नव्हती, कोणाच्याच. हात वर केला आणि खाली घेतला. असा किती वेळ उभी राहिले असते सांगता येत नाही. पण मग मला दिसलं की दार बंद नव्हतंच. खाली, उंबऱ्यात, लाकडी पोळपाटाचा तुकडा पाचरीसारखा ठोकलेला होता आणि दार वीतभर उघडं राहिलं होतं, पाऊस आत फरशीवर येत होता.

आत जिन्याखाली एक म्हातारा फरशी पुसत होता. रागावलेला, गळ्याला मफलर. माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही पण चौथ्या मजल्यावर? मी मान हलवली. म्हणाला, त्या हंगेरियन बाईला कोणीतरी सांगा. सकाळपासून इमारतीचं दार उघडं टाकलंय. म्हणते, स्लावा आहे, दार लावायचं नसतं. अहो, घराचं दार लावायचं नसतं, इमारतीचं कुठून काढलंन? वारा येतो, पाणी येतं, उद्या चोर येतील. मी पाचर काढतो, ती परत खाली येते आणि परत ठोकते.

"मग काढू नका," मी म्हटलं. "शिकवलेलं करतेय ती."

जिने चढताना दांड्याला धरून दर वळणावर थांबले. वासावरून घर कळलं. मेण, तळलेला मासा, कांदा घालून भाजलेले वाल. दार उघडं होतं. आत टेबलाभोवती लोक दाटीने बसले होते, मी कोणाला ओळखत नव्हते, वुकाशिन अजून पोचला नव्हता. वुकाशिनच्या गाडीवाल्या मित्रांच्या बायका, शेजारी, एक म्हातारी बाई बाळ घेऊन. मेणबत्ती जळत होती, अर्ध्याखाली आली होती. पाव एका बाजूला कललेला, दारुड्याच्या टोपीसारखा, पण घरी केलेला. आणि भिंतीशी इल्दिको उभी होती, काळ्या कपड्यांत, पायात चांगले बूट घालून, एका पायावरून दुसऱ्या पायावर. तिच्या मागे भिंतीवर खिळा होता. नुसता खिळा. दुकानात छापील निकोला मिळतात, चांगल्या सोनेरी चौकटीत, कोणीही आणतं. तिने आणला नव्हता.

तिने मला बघितलं आणि तिचा हात ताटाशी गेला. पाहुणा दारात आला की आधी त्याच्यापुढे गहू धरायचे, मग बाकी सगळं. तिने धरले. चमचा ताटाला लागून वाजत होता. दारात उभं राहून पाहुण्याने म्हणायचं ते वाक्य मी जन्मभर ऐकलं होतं. निकोलाच्या दिवशी मी ते कधी म्हटलं नव्हतं, मला ते म्हणायची वेळच आली नव्हती.

"स्लावा सुखाचा होवो, यजमानीण बाई," मी म्हटलं आणि चमचा तोंडात घातला. अक्रोड जाडसर होते. साखर कमी होती. माझी बरणी पिशवीतच राहिली.

मग मी टॉवेल सोडला. ओला झाला होता, पण आत निकोला कोरडा होता, लाकूड गरम लागलं, माझ्या पोटाची ऊब. खिळ्याकडे गेले. हात वर केला, टाचा वर केल्या, बुटातून पाणी निघालं फरशीवर, आणि बोटं पोचेनात. तो खिळा तिच्या उंचीने ठोकलेला होता. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली, मला चढायला. इल्दिको जवळ आली. ती घाबरली होती, तिच्या मानेवर लाल डाग उठले होते.

"उंच झाला का, आई? काढून खाली ठोकू?"

मी तसबीर हातात धरून उभी होते. पाठीमागच्या दोऱ्याला रादोसावने मारलेली गाठ माझ्या अंगठ्याखाली होती. ती गाठ मी डोळे मिटून ओळखते.

"राहू दे," मी म्हटलं. "तूच लाव."

तिने घेतली, नुसता हात उचलला आणि लावली. इतकं सोपं होतं ते तिला. जराशी तिरपी लागली, तिने बोटाने सरळ केली, मागे सरून बघितली. मग ती वळली आणि माझ्यासाठी सरकवलेली ती खुर्ची पाठीला धरून उभी राहिली, आणि मला दिसलं की तिला कळत नाहीये. मी आले होते, तसबीर आली होती, आता उभं कोणी राहायचं? तिला वाटत होतं आपलं काम झालं. ती माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी फडकं घेऊन बघत होती तशी, मी सांगेन म्हणून.

"बसा ना, आई," ती म्हणाली. "तुम्ही उभ्या राहणार असाल तर... मी बाजूला होते."

"कुठे होतेस बाजूला? दिवस संपला का?" मी म्हटलं. "मेणबत्ती विझेपर्यंत उभी राहा. आणि त्या काकूंना मासा वाढ, त्यांचं ताट कधीचं रिकामं आहे."

ती वाढायला गेली. मी कोट काढला. खुर्ची ओढून घेतली आणि बसले. गुडघे वाकायला तयार नव्हते, मग एकदम वाकले, आणि पायांतून असं काही वर आलं की मी टेबलाची कड धरली. कोणीतरी माझ्यापुढे पेला ठेवला. मी मान वर केली. निकोलाच्या दिवशी मी त्याला नेहमी उभ्याने बघितला होता, ताटं आणता नेता, समोरासमोर. बसून तो केवढा उंच दिसतो ते मला माहीत नव्हतं.